ताई, ते वरचे पैसे दाखवायचे का?

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापूरचे एक वाचक, वय ३२, घरी बायको, लहान मुलगी आणि वडील. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. एप्रिल २०२४ पासून रात्री घरी बसून पुण्याच्या एका कन्सल्टन्सीला मशीनची ड्रॉइंग करून देतात. २०२४-२५ मध्ये पगार झाला ७ लाख २० हजार आणि ड्रॉइंगचे आले २ लाख ४० हजार, त्यातून कन्सल्टन्सीने १० टक्के टीडीएस कापला, म्हणजे २४ हजार. सप्टेंबरमध्ये मित्राने मोबाईलवर आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, भरून दिला, त्यात नुसता पगार दाखवला, टॅक्स शून्य, विषय संपला. आता जुळे सोलापुरात फ्लॅट बघणं चाललंय, बँकेने कागद मागितले म्हणून पहिल्यांदाच इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे आपल्या पॅनवर नोंदलेल्या मिळकतीचा वर्षाचा उतारा, उघडून बघितला तर ड्रॉइंगचे सगळे पैसे तिथे लिहिलेले. मित्र म्हणतो, "कशाला टेन्शन घ्यायलास बे, एवढ्याशा रकमेला कोण विचारतंय." मेहुणा म्हणतो, पुढच्या वर्षीपासून पैसे बायकोच्या खात्यात घे. वडील म्हणतात, दाखवलंस तर कंपनीला कळेल आणि नोकरी जाईल. ते लिहितात, "टीडीएस कापलाय म्हणजे टॅक्स भरून झालाच ना ताई? मग हे वरचे पैसे परत कशाला दाखवायचे? आणि आता दाखवले तर चोरी कबूल केल्यासारखं नाही का होणार? पंधरा दिवस झाले नीट झोप नाही."

भाऊ, सगळ्यात आधी त्या 'वरचे पैसे' या शब्दाचं बघू. तुमच्या पत्रात तो पाच वेळा आलाय, मी मोजला. आपल्याकडे वरचे पैसे म्हणजे काय ते सगळ्यांना माहिती आहे, टेबलाखालून येतात ते. तुमचे पैसे तर बँकेतून आलेत, बिल देऊन आलेत, टीडीएस कापून आलेत, आणि दिवसभर शॉप फ्लोअरवर उभं राहून आल्यावर पोरगी झोपली की अकरा-साडेअकरापर्यंत डोळे फोडून तुम्ही ते कमावलेत. त्याला वरचे पैसे कशाला म्हणताय? मला तर वाटतं निम्मा घोळ त्या शब्दानेच केलाय, एकदा मनात त्याला वरची कमाई म्हटलं की ती लपवायची असते हे आपोआप ठरून जातं, मग मित्र, मेहुणा, वडील सगळे लपवायच्या युक्त्या सांगायला बसतात आणि मुळात लपवायचं काही आहे का हे कुणी विचारतच नाही.

आणि लपलेलं तर काहीच नाहीये. तुम्ही एआयएस उघडलंत ना, ती पीडीएफ उघडायला पॅन नंबर छोट्या अक्षरात आणि त्याला लागून जन्मतारीख असा पासवर्ड टाकावा लागतो, तेवढं करून तुम्ही आत गेलात आणि तिथे काय दिसलं, तर कन्सल्टन्सीचं नाव, कलम १९४जे (व्यावसायिक फीवरच्या टीडीएसचं), आणि चार तिमाहीच्या नोंदी, रक्कम ६० हजार, कापलेला कर ६ हजार, परत ६० हजार, ६ हजार, असं चार वेळा. हे तुम्हाला दिसायच्या कितीतरी आधीपासून इन्कम टॅक्स खात्याकडे आहे, कारण टीडीएस कापणाऱ्याने दर तिमाहीला तुमच्या पॅनवर ते कळवलंय, त्याला ते कळवावंच लागतं. म्हणजे दाखवू का नको हा तुमचा प्रश्नच शिल्लक नाही. दाखवलंय, दुसऱ्याने दाखवलंय. तुमचं रिटर्न तेवढं त्याच्याशी जुळत नाही.

आता टीडीएस कापला म्हणजे टॅक्स झाला का. हा गैरसमज मी आमच्या ऑफिसात सोळा वर्षं ऐकला, नवी पेठेत जिना चढून वर एका टॅक्सवाल्यांकडे मी कामाला होते, जुलै आला की लोक साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगमध्ये कागद कोंबून घेऊन यायचे आणि दहातले चार जण हेच म्हणायचे, मॅडम कापलाय की. अहो, टीडीएस म्हणजे इसारा दिल्यासारखं आहे. व्यवहार किती रुपयांचा ते नंतर ठरणार, इसारा त्यातून वजा होणार, कमी पडला तर तुम्ही वर द्यायचे, जास्त गेला तर ते तुम्हाला परत देणार. पण हे वजाबाकीचं गणित व्हायला आधी मिळकत दाखवावी लागते. तुम्ही मिळकत दाखवली नाही म्हणजे तुमचे ते २४ हजारसुद्धा तुम्ही हिशोबात धरले नाहीत. लपवून वाचवले म्हणताय, आणि २४ हजार तिकडेच पडून आहेत!

चला, आकडे मांडू. मला माहिती आहे लोक इथे वाचायचं सोडून देतात, पण तुमची झोप आकडे न मांडल्यामुळेच गेलीय.

तुमच्या फॉर्म १६ मध्ये नवीन रिजीम, म्हणजे नवी करपद्धत, आहे असं तुम्ही लिहिलंय. २०२४-२५ साठी पगार ७ लाख २० हजार, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन ७५ हजार गेलं की ६ लाख ४५ हजार. त्या वर्षी ७ लाखापर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्समाफी, होता म्हणून टॅक्स शून्य आला, मित्राने तिथपर्यंत बरोबर केलं. आता ड्रॉइंगचे २ लाख ४० हजार. हे सगळे पैसे काय तुमचं उत्पन्न धरत नाहीत. इंजिनिअरिंग हा कायद्याने नाव घेऊन सांगितलेल्या व्यवसायांपैकी एक आहे, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, अकाउंटन्सी, टेक्निकल कन्सल्टन्सी, इंटिरिअर डेकोरेशन, नंतर नोटिफाय केलेलं आयटी वगैरे, या लोकांना कलम ४४एडीए मध्ये सोय आहे की जमा रकमेच्या ५० टक्के उत्पन्न धरा, उरलेले ५० टक्के तुमचा खर्च समजला, वह्या ठेवू नका, पावत्या दाखवू नका. वर्षाला ५० लाखापर्यंत ही सोय आहे, आणि रोखीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं नसेल तर ७५ लाखापर्यंत. आपल्याला तेवढ्या लांब जायचं नाही. २ लाख ४० हजाराचे निम्मे, १ लाख २० हजार. पगाराच्या ६ लाख ४५ हजारात मिळवले की ७ लाख ६५ हजार. रिबेटच्या वर गेलात, म्हणून टॅक्स लागणार: ३ ते ७ लाखावर ५ टक्के म्हणजे २० हजार, वरच्या ६५ हजारावर १० टक्के म्हणजे साडेसहा हजार, एकूण २६,५००, त्यावर ४ टक्के सेस १,०६०. झाले २७,५६०. त्यातून कापलेले २४ हजार वजा करा.

३,५६० रुपये.

एवढ्यासाठी पंधरा दिवस झोप नाही भाऊ. आणि टीडीएस वजा जाऊन राहिलेली रक्कम १० हजाराच्या आत आहे म्हणून अॅडव्हान्स टॅक्स का भरला नाही म्हणून लागणारं व्याजही नाही, मूळ रिटर्न वेळेत भरलंय म्हणून लेट फी नाही.

हे दुरुस्त करायला रिवाइज्ड रिटर्न नावाची साधी वाट आहे, कलम १३९(५), आणि २०२४-२५ च्या रिटर्नसाठी ती ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उघडी आहे. आज २०२५ च्या डिसेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे तुम्ही अगदी वेळेत पत्र लिहिलंत. आधी ई-पे टॅक्समध्ये जाऊन सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून ३,५६० भरा, असेसमेंट इयर निवडताना २०२५-२६ निवडा, इथे निम्मे लोक चुकतात कारण मिळकतीचं वर्ष २०२४-२५ आणि असेसमेंटचं त्याच्या पुढचं. मग नवीन रिटर्न भरायला घ्या, पण आता आयटीआर-१ नाही, आयटीआर-४, सुगम म्हणतात तो. आयटीआर-१ मध्ये धंदा-व्यवसायाचं उत्पन्न दाखवायला जागाच नाही. रिवाइज करताना फॉर्म बदलता येतो, त्यात काही गैर नाही. सेक्शन १३९(५) निवडा, जुन्या रिटर्नचा अॅक्नॉलेजमेंट नंबर आणि तारीख टाका, पगार टाका, ४४एडीए मध्ये ग्रॉस रिसीट २ लाख ४० हजार आणि उत्पन्न १ लाख २० हजार, टीडीएसच्या यादीत ते २४ हजार आलेत का बघा, चलन आलंय का बघा, पाठवा, आणि ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-व्हेरिफाय करा. शेवटचं विसरलात तर सगळं पाण्यात.

एक आडवाट लोक हमखास सुचवतात, ती आधीच बंद करते. "आयटीआर-१ च ठेव, इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस मध्ये टाकून दे." एखाद्या कॉलेजने एकदाच लेक्चरला बोलावलं आणि मानधनाचं पाकीट दिलं, ते तिथे टाकलं तर ठीक आहे. पण दर महिन्याला बिल काढून, त्याच क्लायंटला, त्याच कौशल्याचं काम देताय, टीडीएससुद्धा व्यावसायिक फी म्हणून कापलाय, तो व्यवसायच झाला. आणि दुसरं म्हणजे अदर सोर्सेसमध्ये ती ५० टक्क्यांची सोय नाही, पूर्ण २ लाख ४० हजारावर टॅक्स बसेल. चुकीच्या जागी टाकून जास्तीचा टॅक्स भरायचा, ही कसली युक्ती.

चोरी कबूल केल्यासारखं वाटेल असं तुम्ही लिहिलंय. मला हे वाक्य वाचून जरा वाईट वाटलं. रिवाइज्ड रिटर्न म्हणजे माफीनामा नव्हे, कायद्याने दिलेली खोडरबराची सोय आहे, चुकलं किंवा राहिलं तर परत लिही म्हणून. आपणहून मुदतीत दुरुस्त करणं आणि खात्याने पकडल्यावर उत्तर देत बसणं यात फार फरक आहे. उत्पन्न कमी दाखवलं असं खात्याने काढलं तर त्यावरच्या टॅक्सच्या ५० टक्के दंड आहे आणि मुद्दाम खोटं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. ३१ डिसेंबर हुकली तर मग आयटीआर-यू, अपडेटेड रिटर्न, आहे. ते आता चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण त्यात टॅक्स आणि व्याजाच्या वर २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जादा द्यावे लागतात, जितका उशीर तितके जास्त, आणि त्यातून रिफंड मागता येत नाही. ज्यांचे टीडीएसचे पैसे अडकलेत त्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

आता वडिलांचं. त्यांची भीती मला कळते, मिल बंद पडल्यावर घराचे काय हाल होतात ते बघितलेली पिढी आहे आपल्याकडे, नोकरी जाईल म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांना सांगा, तुमचं रिटर्न आणि तुमचं एआयएस कंपनीला दिसत नाही. कंपनी तुमच्या पॅनवर पगाराचा टीडीएस भरते, आत डोकावता येत नाही तिला. तुम्ही स्वतः एचआरला "माझं इतर उत्पन्न धरून टीडीएस कापा" असं कळवलंत तरच कळणार, आणि तसं कळवायची सक्ती नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, यामागे वडिलांनी न विचारलेला एक प्रश्न आहे जो तुम्ही स्वतःला विचारायला हवा. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बाहेरचं काम करण्याबद्दल काय लिहिलंय? बऱ्याच कंपन्यांच्या पत्रात लेखी परवानगीशिवाय दुसरं काम करू नये असं कलम असतं, कपाटातून ते पत्र काढा आणि वाचा. त्याचा इन्कम टॅक्सशी काही संबंध नाही, रिटर्नमध्ये दाखवलं नाही म्हणून ते कलम मोडलं जात नाही असं थोडंच आहे. तुमची कन्सल्टन्सी तुमच्या कंपनीच्याच लाइनमधली असेल तर मी म्हणेन सरळ साहेबांशी बोला आणि मेलवर परवानगी घ्या. वेगळ्या लाइनमधली असेल, कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं सॉफ्टवेअर लायसन्स वापरत नसाल, तर बोलणं सोपं जाईल. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर बाहेरची ड्रॉइंग करत असाल तर मात्र ते आजच बंद करा, नोकरी जायची खरी भीती तिथे आहे, आयटीआर-४ मध्ये नाही.

मेहुण्यांची आयडिया. ही आयडिया सोलापुरात दर तिसऱ्या घरी कुणीतरी कुणाला तरी देत असतं. काम तुम्ही करणार, ड्रॉइंगवर नजर तुमची, फोन तुमच्यावर येणार आणि बिल मात्र वहिनींच्या नावावर. उत्पन्न ज्याच्या कष्टाचं आणि कौशल्याचं त्याचंच धरतात, खातं कुणाचं यावर ते ठरत नाही. उद्या कुणी वहिनींना विचारलं की हे गिअरबॉक्सचं ड्रॉइंग तुम्ही कसं केलं तर त्या काय सांगणार? त्या स्वतः खरोखर काही काम करत असतील, समजा ड्राफ्टिंग शिकून निम्मी ड्रॉइंग त्या काढायला लागल्या, तर त्यांचं बिल, त्यांचा पॅन, त्यांचं रिटर्न, सगळं छान. नुसतं नाव वापरायचं असेल तर नको. आणि खरी गंमत आता सांगते, या वर्षी तुम्हाला त्याची गरजच नाही.

२०२५-२६ चं बघा. पगार वाढून ७ लाख ८० हजार होणार म्हणालात आणि ड्रॉइंगचे मार्चपर्यंत ४ लाख होतील. पगारातून ७५ हजार गेले, ७ लाख ५ हजार. ड्रॉइंगचे निम्मे २ लाख. एकूण ९ लाख ५ हजार. या वर्षीपासून नवीन रिजीममध्ये १२ लाखापर्यंत रिबेट आहे. टॅक्स शून्य! आणि कन्सल्टन्सी तुमचे ४० हजार कापणार, ते सगळेच्या सगळे परत मिळणार. पण मिळणार कधी, तर दाखवलंत तर. मित्राच्या सल्ल्याने परत नुसता पगार दाखवलात तर ४० हजार तिकडेच. लपवायचा खर्च वर्षाला ४० हजार, मी तर असा महागडा सल्ला अजून ऐकला नाही.

आणि हो, तुम्ही शेवटी विचारलंय की मार्चमध्ये नवीन लॅपटॉप घेऊन खर्च दाखवू का. ४४एडीए मध्ये खर्च आधीच निम्मा धरलाय, वेगळा लॅपटॉप दाखवता येत नाही. जुना चालत नसेल तर घ्या, टॅक्ससाठी घेऊ नका. तुमचा खरा खर्च निम्म्यापेक्षा जास्त असता, म्हणजे महागडं सॉफ्टवेअर, हाताखाली दोन पोरं, तर आयटीआर-३ भरून खरा खर्च दाखवायचा पर्याय होता, पण मग वह्या लिहायच्या आणि निम्म्यापेक्षा कमी नफा दाखवायचा तर ऑडिटही करून घ्यायचं. रात्री बेडरूमच्या कोपऱ्यात एका टेबलावर चाललेल्या कामाला ते कशाला.

फ्लॅटचं कर्ज घेणार आहात म्हणून एक खड्डा दाखवून ठेवते. घर घेतलं की लोक सांगतील जुनी रिजीम घे, व्याजाची वजावट मिळते. नुसता पगार असणारा माणूस दर वर्षी रिटर्न भरताना रिजीम बदलू शकतो. तुमच्यासारखा व्यवसायाचं उत्पन्न असणारा माणूस तसा बदलू शकत नाही, त्याला जुन्यात जायचं असेल तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा जुन्यातून परत नव्यात आलात की व्यवसायाचं उत्पन्न चालू असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. तुमच्या आकड्यांना नव्या रिजीममध्येच टॅक्स शून्य येतोय तर तिकडे बघूच नका. पण ज्यांनी यंदा जुन्या रिजीममध्ये आयटीआर-१ भरलाय आणि आता तुमच्यासारखंच राहिलेलं फ्रीलान्स घालून रिवाइज करणार आहेत त्यांनी सांभाळा, मुदतीत १०-आयईए भरलेला नसेल तर रिवाइज्डमध्ये जुनी रिजीम मिळत नाही आणि टॅक्स एकदम बदलतो. त्यांनी पाचशे-हजार फी गेली तरी चालेल, माणसाला दाखवून भरावं.

फ्लॅटच्या बाबतीत अजून एक, ड्रॉइंगचे पैसे दाखवल्याने तुमचं नुकसान होतंय असं तुम्ही धरून चाललाय, बँकेच्या बाजूने बघा जरा. बँक कर्ज किती द्यायचं ते रिटर्नमधल्या उत्पन्नावर ठरवते. दोन-तीन वर्षं नीट दाखवलेलं व्यवसायाचं उत्पन्न धरलं जातं, न दाखवलेलं पासबुकात कितीही दिसलं तरी बहुतेक ठिकाणी धरत नाहीत.

तुमच्यासारखीच पत्रं अजून चार आलीत म्हणून त्यांचंही इथेच घेते. एक ताई आयटीत आहेत, घरून काम करतात, पगार १४ लाख, बाहेरच्या देशातल्या क्लायंटची वेबसाइट करून ३ लाख येतात आणि त्यावर टीडीएस कुणीच कापत नाही. ताई, तुम्हाला निम्मे दीड लाख १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून २३,४०० बसतील. १० हजाराच्या वर आहे म्हणून अॅडव्हान्स टॅक्स लागणार. ४४एडीए वाल्यांना चार हप्त्यांची कटकट नाही, १५ मार्चच्या आत एकरकमी भरायचा, नाहीतर महिन्याला १ टक्का व्याज चालू होतं. १५ मार्च कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी.

एक सर क्लासेस घेतात, एक जण एलआयसीचं कमिशन घेतात. तुम्ही दोघं ४४एडीए च्या यादीत नाही. कमिशनवाल्यांना तर ४४एडी सुद्धा चालत नाही, आयटीआर-३ आणि खरा खर्च. सरांनी एकदा टॅक्सवाल्याकडे बसून ठरवून घ्या, शिकवणीचं काम कुठल्या खान्यात बसवायचं यावर दोन मतं पडतात. शेअर बाजारात एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या चौथ्या वाचकांना एवढंच, तोही धंदाच आहे, तुमचंही आयटीआर-१ मध्ये भागत नाही, तोटा झाला असला तरी.

आणि ज्यांचं पगाराचं उत्पन्न १२ लाखाच्या काठावर आहे त्यांनी गाफील राहू नका. पगाराचे डिडक्शन जाऊन साडेअकरा लाख, वर फ्रीलान्सचे २ लाख जमा, निम्मे १ लाख, एकूण साडेबारा. तिथे रिबेट जातो. मार्जिनल रिलीफ नावाच्या सवलतीमुळे १२ च्या वर जेवढे गेलात तेवढ्यावरच, म्हणजे ५० हजारावरच टॅक्स थांबतो, सेससह ५२ हजार, पण २ लाखाच्या कामावर ५२ हजार म्हणजे अनपेक्षित बसतो. त्यांनी आत्ताच बाजूला काढून ठेवावेत.

जीएसटीचं कुणीतरी घाबरवलं असेल तर, सेवांसाठी वर्षाला २० लाखाच्या वर उलाढाल गेली की नोंदणी, आणि त्यात पगार धरत नाहीत. तुम्ही खूप लांब आहात.

बरं, घरचं काम. ड्रॉइंगचे पैसे पगाराच्या खात्यात घेऊ नका, वेगळं सेव्हिंग खातं काढा. साध्या वहीत बिल नंबर, तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस, जमा तारीख असे पाच रकाने आखा. दर तिमाहीला कन्सल्टन्सीकडून फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) मागा आणि २६एएस (पॅनवर जमा टीडीएसचा पोर्टलवरचा उतारा) मध्ये तेवढीच रक्कम आली का जुळवा, कारण कापलेले पण सरकारात न भरलेले टीडीएस मी बघितलेत आणि ते वर्ष उलटल्यावर कळलं की माणूस नुसता फोन करत बसतो. एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा लागू होतोय, कलमांचे नंबर बदलणार, असेसमेंट इयरच्या जागी टॅक्स इयर म्हणणार, त्यामुळे हे ४४एडीए, १९४जे पाठ करू नका, वही तीच राहणार आहे.

येत्या रविवारी सकाळी बसा, दीड तासाचं काम आहे. मित्रालाही बोलवा, चहा-कडक भाकरी-शेंगाचटणी द्या आणि त्याच्यासमोर आयटीआर-४ भरा. त्याच्या आयटीआर-१ मध्ये काय काय राहिलंय तेही त्याच बैठकीत निघेल बहुतेक, तो संध्याकाळी मोबाईल रिपेअरिंग करतो असं तुम्हीच लिहिलंय. आणि ई-व्हेरिफाय त्याच दिवशी करून टाका, नाहीतर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत पोरीला पाळण्यात बसवताना आठवेल आणि ओटीपीला तिथे रेंज मिळायची नाही.